थोरांग ला : पाचशे मीटर बाकी

चाळीस किल्ले पालथे घातलेत? कळसूबाई तर डोळे मिटून चढता? मग हिमालय काय चीज आहे, असं वाटत असेल तर आधी हे वाचा. नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किटवरून आणलेला हा एक कबुलीजबाब.

सलग सोळा दिवसांची सुट्टी मागितली की बॉसचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘लग्न करतेयस का?’ हा पहिला प्रश्न. ‘नाही, चालायला जातेय’ या उत्तरावर तर त्याची बोलतीच बंद झाली. रोज सकाळी कॅबमध्ये दीड तास बसायचं, मग खुर्चीत नऊ तास, मग परत कॅबमध्ये दीड तास, आणि वर्षभर असं बसून बसून साठवलेल्या सुट्ट्या उडवायच्या कशावर? तर चालण्यावर! पण ज्याला डोंगराचा किडा चावलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही चौघं होतो. मी, माझी रूममेट, आमच्या टीममधला टेस्टर आणि त्याची बायको. चौघांत ‘एक्स्पर्ट’ अर्थातच मी. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने, अलंग-मदन-कुलंग, पावसाळ्यात दर रविवारी कुठला तरी किल्ला. टेस्टरचा अनुभव सिंहगडापुरता, तोही निम्म्या वेळा बाइकवरून. ‘तुला झेपेल ना रे?’ हा डायलॉग मी त्याला तीन महिन्यांत किमान पन्नास वेळा मारला असेल. तो फक्त हसायचा.

रूममेटचं प्रकरण वेगळं होतं. ट्रेकच्या शेवटी मुक्तिनाथ येतं, म्हणून तिला जायचं होतं. तिच्या बाबांचं मुक्तिनाथ राहून गेलं होतं. त्यांच्या माघारी कपाट आवरताना एक पाकीट सापडलं, आत एकशे एक रुपये, वर निळ्या शाईत ‘मुक्तिनाथ’. ते पाकीट तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. दोन वर्षं तिने या ट्रिपसाठी पैसे साठवले होते. हेलिकॉप्टरने, जीपने कसंही जाता येतं तिथे, पण तिला डोंगर ओलांडून, चालतच पोचायचं होतं.

पंधरा मिनिटं पुढे

जगात आठ हजार मीटरच्या वरची शिखरं फक्त १४. त्यातली ८ नेपाळमध्ये किंवा नेपाळच्या सीमेवर. एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर, हा २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेला आकडा. कांचनजंगा, ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनासलू आणि अन्नपूर्णा ही बाकीची मंडळी. पण या देशात मजा करायला शिखरावरच चढावं लागतं असं नाही. दोरी, आइस अॅक्स काहीही न घेता नुसतं चालत या सगळ्यांच्या अंगणात जाता येतं. ट्रेकिंगचा हा फंडा जमवला जिमी रॉबर्ट्स नावाच्या एका माजी ब्रिटिश गुरखा अधिकाऱ्याने. १९६४ साली त्याने काठमांडूत कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी पहिली मंडळी पैसे भरून चालायला आली. आज पायवाटांवरच्या लॉजमध्ये अॅपल पाय मिळतो, त्याची सुरुवात तिथली.

काठमांडूत उतरल्यावर पहिलं काम म्हणजे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करणं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे. दुसरं काम बाय डिफॉल्ट झालं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी आम्हाला समोर बसवून कपाळावर दही-तांदूळ-कुंकवाचा हा एवढा मोठा टिळा लावला. आम्ही दसऱ्याच्या रात्री पोचलो होतो आणि तिथे दशैं सुरू होतं. टिळ्याबरोबर केसांत पिवळसर कोवळे कोंब खोचले. जमरा! घटस्थापनेला पेरलेले जवाचे कोंब. रूममेट बघतच राहिली. ‘अगं, हे तर आपल्या घटाचं धान!’ तिच्या गावी दसऱ्याला टोपीत असेच कोंब खोचतात. परदेशात आल्याचं जे थोडंफार फीलिंग होतं, तेही गेलं.

बिस्तारै, बिस्तारै

अन्नपूर्णा सर्किट म्हणजे अन्नपूर्णेच्या रांगेला घातलेली प्रदक्षिणा. बेसीशहरहून मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर वर जायचं, थोरांग ला ही ५४१६ मीटरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरायचं. ‘ला’ म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ही खिंड वर उरते. आता मनांगपर्यंत जीपचा रस्ता झालाय, त्यामुळे सुरुवातीचे दिवस लोक जीपने उडवतात. आम्हीही धारापानीपर्यंत जीपने गेलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला थेट नदी आणि मधे आमच्या जीपची चाकं. टेस्टरने डोळे मिटून घेतले होते. मीही मिटले असते, पण एक्स्पर्टला ते शोभलं नसतं.

आमचा गाईड चाळिशीचा. त्याला आम्ही दाईच म्हणायचो. दाई म्हणजे दादा. बरोबर दोन पोर्टर. दाईचं हिंदी झकास होतं, पण महत्त्वाचे दोन शब्द तो नेपाळीतच बोलायचा. ‘बिस्तारै, बिस्तारै.’ हळूहळू. मी पुढे गेले की मागून आवाज यायचाच. मला ते जाम बोअर व्हायचं. पाय चालत होते, दम लागत नव्हता, मग हळू कशाला?

चामेपर्यंत पाइनची जंगलं, झुलते पूल, मधेच एखाद्या घराच्या ओट्यावर वाळत टाकलेला मका. पिसांगच्या आधी एक प्रचंड सपाट कातळभिंत उजवीकडे उभी राहते आणि मग दृश्यच बदलतं. हिरवं संपतं. कोजागिरीच्या रात्री आम्ही वरच्या पिसांगमध्ये होतो. समोर अन्नपूर्णा दोन, ७९३७ मीटर, अंगणाच्या पलीकडे असावी तशी. चंद्र वर आल्यावर बर्फ असं उजळलं की टॉर्च लागेना. मसाला दूध नव्हतं, पण लॉजच्या दीदीने गरम दुधात साखर घालून दिली. दशैंचा शेवटचा दिवसही तोच, कोजाग्रत पौर्णिमा. चौघंही त्या रात्री काही बोललो नाही. मोबाइलला रेंज होती, तरी कुणी फोन काढला नाही. आमच्यासाठी हे विक्रमीच!

जेवणाचं म्हणाल तर दाल-भात. सकाळ-संध्याकाळ. ‘दाल भात पॉवर, ट्वेंटी फोर आवर’ असं लिहिलेले टी-शर्ट काठमांडूत ढिगाने मिळतात आणि ते खरंय, कारण दाल-भात मागाल तितका वाढतात. बाकी मेन्यूत पिझ्झा, पास्ता सगळं असतं. पण जितकं वर जाल तितके भाव वाढत जातात. ती प्रत्येक वस्तू खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून आलेली असते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घासाघीस करायची इच्छा होत नाही.

मनांगमधली शाळा

मनांग ३५४० मीटरवर. दगडी घरं, सपाट छपरं, बेकऱ्या आणि समोर गंगापूर्णेची हिमनदी. इथे एक जादा दिवस थांबायचंच असतं, शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही १९७३ पासून काम करणारी संस्था सीझनमध्ये इथे दवाखाना चालवते आणि तिथले स्वयंसेवक डॉक्टर ट्रेकर्सची शाळाच घेतात. अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं :

तीन हजार मीटरच्या वर, रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं ही उंचीच्या आजाराची लक्षणं. इतक्या उंचीवर डोकं दुखलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा आणि लक्षणं असताना वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला तर मेंदूला सूज येतेय. बसल्या जागी धाप लागली तर फुफ्फुसात पाणी. दोन्हींवर मुख्य इलाज एकच. खाली उतरा. सकाळची वाट न बघता.

आणि सगळ्यात इंटरेस्टिंग मुद्दा. फिट असण्याचा इथे काहीही उपयोग नाही. उलट फिट माणसं जास्त भरभर चढतात, म्हणून अडकतात. टेस्टरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी वहीत मुद्दे लिहून घेत होते. अगदी सुवाच्य अक्षरात.

यांपैकी एकही मुद्दा मी पाळला नाही.

टाउको दुख्यो?

याक खर्कात, ४०५० मीटरवर, संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. दाई रोज जेवणाच्या टेबलावर चौघांनाही एकेक करून विचारायचा, ‘टाउको दुख्यो?’ डोकं दुखतंय का? टेस्टर प्रामाणिकपणे दुखतंय म्हणाला, त्याला दाईने लसणाचं सूप आणि दोन लिटर पाणी पाजलं, सकाळपर्यंत तो ओके झाला. माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘ठीक छ!’ नेपाळीत. सगळे हसले.

खोलीत येऊन मी गुपचूप डोकेदुखीची गोळी घेतली.

का बोलले नाही? आता विचार केला की उत्तर लाजिरवाणं वाटतं. मी एक्स्पर्ट होते. सिंहगडवाल्याच्या आधी माझं डोकं दुखणं मला परवडणारं नव्हतं. शिवाय मी थांबले तर सगळे थांबणार, परतीची तिकिटं ठरलेली, सुट्टी मोजून घेतलेली. ऑफिसमध्ये डेडलाइनच्या आदल्या दिवशी ताप असताना आपण म्हणतोच ना, ‘नो इश्यूज, होऊन जाईल’? तीच सवय. फक्त इथे सर्व्हर नाही, मेंदू डाऊन होतो.

थोरांग फेदीला, साडेचार हजारांच्या आसपास, उलटी झाली. लॉजच्या मागे जाऊन केली. आणखी एक गोळी. दुसऱ्या दिवशी तिथेच थांबायचं की हाय कॅम्पला चढायचं यावर चर्चा झाली. हाय कॅम्प जवळजवळ ४९०० मीटरवर. तिथे मुक्काम केला की खिंडीचा दिवस छोटा होतो. दाईने पुन्हा विचारलं. मी पुन्हा ‘ठीक छ’.

हाय कॅम्पवर जेवण समोर आलं आणि वास नकोसा झाला. आठ वाजता झोपलो. पहाटे चारला निघायचं होतं. रात्री साडेबाराला मी बाहेर जायला उठले आणि दाराची कडी मला सापडेना. कडी समोर होती. हात तिच्यापर्यंत पोचत होता आणि तरी ती उघडायची कशी हे आठवेना. मी हसले म्हणे. मला ते आठवत नाही. रूममेट उठली, तिने माझ्या तोंडावर टॉर्च मारला आणि सरळ दाईला उठवायला गेली.

दाईने मला अंगणात उभं केलं. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. दारू प्यायलेल्यांची घेतात तशी टेस्ट. तिसऱ्या पावलाला मी भिंतीवर गेले. तो एवढंच म्हणाला, ‘अभी नीचे. सामान बाद में.’

खाली मला घेऊन तो एकटा आला असता तरी चाललं असतं. जाणकार पोर्टर बाकीच्या तिघांना खिंड ओलांडून नेणार होता, त्याने ती कितीतरी वेळा केली होती. दाईने रूममेटला तसं सांगितलंही. खिंड तिथून फक्त पाचशे मीटर वर. तिने बूट बांधले, हेडलॅम्प लावला, बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पाकीट काढलं आणि टेस्टरच्या बायकोच्या हातात दिलं. ‘दानपेटीत टाक. नाव सांग बाबांचं.’ बास. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

उतार

रात्री एक वाजता हाय कॅम्पहून फेदीची वाट म्हणजे मुरमाची तीव्र उतरण, वळणावर वळणं. दाईने माझ्या कमरेला हात घातला होता, रूममेट पुढे उजेड दाखवत होती. थंडीने ओठ बधिर. पण उंचीच्या आजाराची गंमत म्हणा किंवा दया म्हणा, तो उतरताना उतरतो. फेदीला पोचेपर्यंत मला माझं नाव, कंपनीचं नाव आणि आजची तारीख सांगता येत होती. दाई दर दहा मिनिटांनी विचारत होता. तिथेही तो फार वेळ थांबला नाही. उजाडल्यावर आणखी खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मनांगच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं की त्या रात्री झोपून राहिले असते तर सकाळी मला कुणी उठवू शकलं असतं की नाही, सांगता आलं नसतं.

याच खिंडीच्या परिसरात ऑक्टोबर २०१४ मध्ये मोठी दुर्घटना झाली होती. आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं हुदहुद चक्रीवादळ इथवर पोचलं आणि हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. ट्रेकर्स, गाईड, पोर्टर. थोरांग ला ही अवघड चढाई नाही, दोरी लागत नाही, म्हणूनच लोक तिला हलक्यात घेतात. माझ्यासारखे.

मनांगहून जीपने बेसीशहर, तिथून पोखरा. दोन दिवस रूममेट गरजेपुरतं बोलत होती. पाणी पी. औषध घेतलंस का. बास.

पोखरात फेवा तलावाच्या काठावरून माछापुच्छ्रे दिसतं. ६९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं टोक. १९५७ साली त्याच जिमी रॉबर्ट्सच्या मोहिमेतले विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स माथ्यापासून साधारण ४५ मीटर खाली थांबले आणि परत फिरले. नंतर नेपाळने या शिखरावर चढाईला परवानगी देणंच बंद केलं. याच्या अगदी उलट गोष्ट अन्नपूर्णेची. ३ जून १९५० ला मोरिस एर्झोग आणि लुई लाशेनाल तिच्या माथ्यावर पोचले. माणसाने चढलेलं पहिलं आठ हजारी शिखर ते. वाटेत लाशेनालला पाय गोठतायत हे कळलं होतं, त्याला परत फिरायचं होतं. पण एर्झोग एकटा पुढे जाणार म्हणाला, म्हणून तोही गेला. दोघांच्याही पायांची बोटं गेली, एर्झोगच्या हातांचीही. जोडीदारासाठी वर जाणारे इतिहासात नोंदले जातात. जोडीदारासाठी खाली येणाऱ्यांची यादी कुठे असते?

हे सगळं मनात घोळत होतं म्हणून असेल, तलावाकाठी चहा पिताना मी तिला खरं सांगितलं. याक खर्कापासून डोकं दुखत होतं. गोळ्या घेत होते. फेदीला उलटीही झाली होती. तुझं मुक्तिनाथ माझ्यामुळे गेलं.

तिने कप खाली ठेवला. ‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘गोळ्यांची स्ट्रिप माझ्याच पाऊचमधली होती. फेदीला चार कमी दिसल्या. मी विचारलं नाही.’

‘का?’

‘विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग थांबावं लागलं असतं. मला पलीकडे जायचं होतं गं.’

दोन दिवस ती माझ्यावर चिडलेली नव्हती. स्वतःवर होती.

एकशे आठ धारा

तिसऱ्या दिवशी टेस्टर दांपत्य जोमसोमहून जीपने येऊन धडकलं. टेस्टरची नाकाची शेंडी सोलवटलेली, ओठ फुटलेले, चेहऱ्यावर मावेनासा आनंद. सिंहगडवाला थोरांग ला करून आला होता! कसं जमलं विचारलं तर म्हणाला, ‘मला काहीच येत नव्हतं ना, म्हणून दाई सांगेल तेवढंच केलं.’ हा टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र तो बरोब्बर लागला.

मुक्तिनाथला देवळामागे १०८ गोमुखांतून पाणी पडतं. ते बर्फाळ पाणी दोघांनी एकेका धारेखालून धावत अंगावर घेतलं होतं. खालून काली गंडकी वाहते. आपल्या देवघरातले शाळिग्राम, तुळशीच्या लग्नातला नवरदेव, तो या नदीतून येतो. पाकीट दानपेटीत गेलं होतं, बाबांचं नाव सांगून. टेस्टरच्या बायकोने एका छोट्या बाटलीत १०८ धारांचं पाणी भरून आणलं होतं. रूममेटने ती बाटली दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

सोमवारी ऑफिस. लिफ्टमध्ये बॉस भेटला. ‘काय मग, केलं का सर?’ मी म्हटलं, ‘नाही. पाचशे मीटर बाकी राहिले.’ ‘अरेरे!’ म्हणाला तो.

सुट्टीचा पुढचा अर्ज टाकून झालाय. दोघींचा, एकाच दिवशी. यावेळी तीन दिवस जास्तीचे धरलेत, थांबायला. आणि एक नियम ठरलाय : ‘टाउको दुख्यो?’ हा प्रश्न दाईने नाही, आम्ही एकमेकींना विचारायचा. रोज. गोळ्या मोजून.

बॅग भरण्याआधी

कधी : ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे. पावसाळा टाळा.

कागदपत्रं : भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राच्या परमिटचा दर सार्क देशांच्या नागरिकांना कमी आहे, भारतीय आहात हे आठवणीने सांगा.

गाईड : १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्ससाठी गाईड घेण्याचा नियम आला. नसता आला तरी घ्या. माझ्यावर विश्वास ठेवा.

पैसे : १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. वरच्या गावांत एटीएमच्या भरवशावर राहू नका.

औषधं : डायमॉक्स घ्यायचं का, किती घ्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. डोकेदुखीची गोळी लक्षण झाकते, आजार नाही.

विमा : हेलिकॉप्टर रेस्क्यू आणि पाच हजार मीटरच्या वरची उंची पॉलिसीत धरलीय का, बारीक अक्षरांतलं वाचून घ्या.

आणि शेवटचं : बॅगेत दोन दिवस रिकामे ठेवा. वजन काहीच नसतं त्यांचं.